एका तरुणाचा मृत्यू आणि न संपलेलं सुतक : लिंकन काउंटी, १८७८

 

या मालिकेत आपण आजवर लढायाच जास्त पाहिल्या. कुठली तुकडी कुठून आली, कोण कुठे अडकलं, कुणाचं कुठे चुकलं. आज एका अंत्ययात्रेपासून सुरुवात करू. गाव आहे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको प्रांतातलं लिंकन. साल १८७८, महिना फेब्रुवारी. गेलेल्या माणसाचं नाव जॉन हेन्री टन्स्टल. वय चोवीस. सोळा दिवस जगता तर पंचवीस पूर्ण झाली असती.

वेस्टर्न सिनेमे पाहिलेल्यांना 'बिली द किड' हे नाव माहीत असेल. त्याच्यावर पुस्तकं आली, चित्रपट आले. पण बिलीची गोष्ट ज्याच्या मरणापासून खऱ्या अर्थाने सुरू होते, तो हा टन्स्टल. त्याच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, म्हणून आज तो.

हा मुलगा तिथे आला कसा?

टन्स्टलचा जन्म ६ मार्च १८५३चा, लंडनचा. वडील खाऊनपिऊन सुखी व्यापारी. त्यांच्या पेढीची एक शाखा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हिक्टोरियाला होती. १८७२ साली, एकोणिसाव्या वर्षी, हा तिकडे कामाला गेला. दुकानात बसून हिशेब लिहिण्यात त्याचं मन रमेना. पुढे कॅलिफोर्नियात गेला, मेंढपाळीचा धंदा कसा चालतो ते पाहिलं, आणि १८७६मध्ये न्यू मेक्सिकोत सँटा फे इथे पोचला. तिथे त्याची गाठ अलेक्झांडर मॅक्स्वीन नावाच्या वकिलाशी पडली. मॅक्स्वीन लिंकनला राहायचा. तो म्हणाला, आमच्याकडे ये, जमीन आहे, चराई आहे, संधी आहे.

टन्स्टलला एका डोळ्याने दिसत नव्हतं. अंगाने किरकोळ. पण घरी पत्रं लिहायचा ती पानंच्या पानं. आईवडिलांना, बहिणींना. काय खाल्लं, कुठे झोपलो, घोड्याचा स्वभाव कसा, गावातली माणसं कशी. त्या पत्रांमुळेच आज आपल्याला हा मुलगा ओळखीचा वाटतो. ती जपली गेली, आणि १९६५ साली फ्रेडरिक नोलन या इंग्रज लेखकाने त्यांच्या आधारे त्याचं चरित्र छापलं.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अकाली गेलेल्या माणसाला आपण लगेच देव्हाऱ्यात बसवतो. टन्स्टल काही साधुसंत नव्हता. त्याने स्वतःच घरी कळवलं होतं की या काउंटीत कुणीही एक डॉलर कमावला तरी त्यातला अर्धा माझ्याकडे यावा, असा माझा बेत आहे. म्हणजे जुनी मक्तेदारी मोडून त्याला आपली उभी करायची होती. महत्त्वाकांक्षी, थोडा भाबडा, घरच्यांवर जीव असलेला मुलगा, एवढंच त्याला म्हणू या.

भांडण कशाचं होतं?

लिंकन काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याएवढी जागा नव्हे. अख्ख्या न्यू मेक्सिकोचा सुमारे पाचवा हिस्सा त्यात होता. माणसं विरळ, गुरं अमाप. पेकोस नदीच्या काठाने जॉन चिझम नावाच्या बड्या पशुपालकाचे हजारोंचे कळप चरायचे. खेडुतांमध्ये बहुतेक स्पॅनिश बोलणारे, पिढ्यान्पिढ्या तिथे शेती-मेंढपाळी करणारे. १८४८पर्यंत हा मुलूख मेक्सिकोचाच होता. अमेरिकेने जिंकून घेतला, पण राज्याचा दर्जा मिळायला १९१२ उजाडलं. मधली सगळी वर्षं तो 'टेरिटरी', म्हणजे गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमलेला आणि कायदा नावापुरता.

एवढ्या उजाड मुलखात रोख पैसा यायचा कुठून? इथे माझ्यातला फौजी जागा होतो. पैसा यायचा छावणीतून. लिंकनपासून सुमारे नऊ मैलांवर फोर्ट स्टँटन होता, १८५५ सालचा. शेजारी मेस्कलेरो अपाचे लोकांसाठी राखून ठेवलेली वसाहत. दोन्हीकडे सरकारी खर्चाने मांस आणि धान्य पुरवायचं. आमच्या फौजेत पुढच्या चौक्यांवर जिवंत बकरे पुरवले जायचे, त्याला 'मीट ऑन हूफ' म्हणतात. चार पायांवर चालत येणारं रेशन. त्याचा ठेका कुणाला मिळतो यावर आसपासच्या गावांचं राजकारण कसं हलतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लिंकनमध्ये तेच होतं, गुरांच्या रूपात.

हा ठेका होता लॉरेन्स मर्फी आणि जेम्स डोलन यांच्याकडे. दोघेही आयर्लंडमध्ये जन्मलेले, दोघेही माजी सैनिक. गावातलं त्यांचं मोठं दुकान लोकांत 'द हाऊस', म्हणजे नुसतं 'घर' म्हणून ओळखलं जायचं. शेतकऱ्याने बी-बियाणं तिथूनच उधार घ्यायचं, पीक तिथेच घालायचं, आणि दर दुकानदाराने ठरवायचा. आपल्याकडच्या सावकारीच्या गोष्टी ऐकलेल्यांना वेगळं समजावायला नको. शेरीफ विल्यम ब्रेडी हाही मर्फीच्या गोटातला.

टन्स्टलने काय केलं? रिओ फेलिझ नदीकाठी रँच घेतली, म्हणजे गुरांचं चराऊ रान. मग लिंकनमध्ये 'घरा'पासून हाकेच्या अंतरावर स्वतःचं दुकान उघडलं आणि त्याला जोडून बँक. मॅक्स्वीन त्याच्या बाजूला, चिझमचा पाठिंबा. जानेवारी १८७८मध्ये त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहून उघड आरोप केला की शेरीफने गोळा केलेला कराचा पैसा डोलनच्या गुरांच्या खरेदीत गेला. परक्या मुलखात, बावीसेक महिनेही न राहिलेल्या माणसाने इतकं थेट लिहिणं म्हणजे जिवाशी खेळ होता. त्याला ते कळलं नसावं. ब्रिटिश प्रजाजनाच्या केसाला कोण धक्का लावणार, असा त्याचा भरवसा.

निमित्त मिळालं एका विम्याच्या पैशाचं. मर्फीचा जुना भागीदार १८७४मध्ये वारला होता. त्याचा दहा हजार डॉलरचा विमा वसूल करायचं काम मॅक्स्वीनकडे होतं. पैसे वारसांना द्यायला उशीर झाला, खटला झाला, मॅक्स्वीनच्या मालमत्तेवर जप्ती आली. आणि टन्स्टल त्याचा भागीदार आहे असं सांगून शेरीफने ती जप्ती टन्स्टलच्या दुकानावर आणि गुरांवरही लावली.

१८ फेब्रुवारी

शेरीफची माणसं रँचवर येणार, हे टन्स्टलला कळलं होतं. त्याचे गडी लढायला तयार होते. तो नको म्हणाला. गुरांसाठी माणसं मारायची नाहीत. म्हातारा स्वयंपाकी मागे ठेवून, नऊ घोडे हाकत तो चार-पाच सोबत्यांसह लिंकनच्या वाटेला लागला. सोबत मुकादम डिक ब्रुअर होता, आणि अठरा-एकोणीस वर्षांचा एक नवा पोरगा, विल्यम बॉनी. हाच पुढचा बिली द किड.

संध्याकाळ व्हायला आली होती. डोंगरउतारावर रानटर्की पक्ष्यांचा थवा दिसला. दोघे त्याच्या मागे गेले. मंडळी पांगली. तेवढ्यात मागून घोडेस्वार आले. सोबत्यांपैकी एकाने टन्स्टलला ओरडून सांगितलं, पळ. बाकीचे झाडीत गेले. टन्स्टल गोंधळला, घोड्यांपाशीच थांबला. छातीत एक गोळी आणि डोक्यात एक. त्याचा घोडाही मारला. मारणारे म्हणाले, त्याने आधी गोळी झाडली. त्याच्या माणसांनी ते कधीच मानलं नाही.

दुसऱ्या दिवशी माणसं जाऊन मृतदेह घेऊन आली. आधी घोड्यावर बांधून, मग गाडीतून. मॅक्स्वीनच्या घरात त्याला ठेवलं. छावणीतल्या लष्करी डॉक्टरने तपासणी केली. त्याच सुमारास टेलर ईली नावाचे एक मिशनरी डॉक्टर बायको आणि दोन लहान मुलींसह त्या गावात नव्याने येऊन पोचले होते. शाळा काढायची, चर्च उभारायचं म्हणून आलेला हा माणूस. त्याचं पहिलं मोठं काम ठरलं चोवीस वर्षांच्या मुलाचा अंत्यविधी. प्रवचन इंग्रजीत झालं. जमलेल्यांत स्पॅनिश बोलणारे पुष्कळ, म्हणून दुभाष्याने त्यांना ते सांगितलं. टन्स्टलला त्याच्याच दुकानाच्या बाजूला पुरलं.

या अंत्यविधीला एक जण नव्हता. बिली. गावातल्या कॉन्स्टेबलबरोबर तो आणि त्याचा मित्र फ्रेड वेट मारेकऱ्यांवरचं वॉरंट बजावायला 'घरा'कडे गेले होते. शेरीफ ब्रेडीने वॉरंट बाजूला ठेवलं आणि या दोघांनाच अटकेत टाकलं. सुटले तेव्हा माती देऊन झाली होती.

मला या सगळ्या कहाणीत हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. जवळच्या माणसाला शेवटचं पाहू दिलं नाही, खांदा देऊ दिला नाही, की ते दुःख कुठेतरी आत अडकून बसतं. आपल्याकडे दहावा, बारावा, तेरावा का ठेवलाय? रडायला दिवस दिलेत आणि उठायलाही दिवस दिलाय. तेराव्याला गोड खाऊन माणूस पुन्हा कामाला लागतो. लिंकनमध्ये माती तर दिली, पण सुतक काही फिटलं नाही.

दुःखाची टोळी झाली

ब्रुअर आणि बाकीच्या गड्यांनी एक पथक उभं केलं, 'रेग्युलेटर्स'. सुरुवातीला ते कायद्याच्या चौकटीत होतं, हे लक्षात घ्या. गावच्या जस्टिस ऑफ द पीसने ब्रुअरला खास कॉन्स्टेबल नेमलं, हातात वॉरंट दिलं. ६ मार्चला, म्हणजे टन्स्टलच्या वाढदिवशीच, त्यांनी मारेकऱ्यांपैकी विल्यम मॉर्टन आणि त्याचा साथीदार फ्रँक बेकर यांना जिवंत पकडलं. तिथे थांबले असते, दोघांना कोर्टात उभं केलं असतं, तर आज मी वेगळी गोष्ट सांगत असतो. ९ मार्चला दोघेही मारले गेले. पळून जात होते, असं सांगण्यात आलं. ही सबब कुठल्याही देशात जुनीच आहे.

त्याच दिवशी गव्हर्नर ॲक्स्टेल लिंकनला आला. थोडा वेळ थांबला आणि त्या जस्टिसची नेमणूकच बेकायदा ठरवून निघून गेला. सकाळपर्यंत जे कायद्याचे हात होते, ते संध्याकाळी गुन्हेगार झाले.

१ एप्रिलला शेरीफ ब्रेडी गावच्या रस्त्याने चालला होता. टन्स्टलच्या दुकानामागच्या कोंडवाड्याच्या भिंतीआडून गोळ्या आल्या. ब्रेडी गेला, त्याचा एक मदतनीसही गेला. ती भिंत आणि टन्स्टलची कबर एकाच आवारात. ब्रेडीचं घर मुलाबाळांनी भरलेलं, बायको गरोदर. त्या बाईच्या दारातही सुतक आलं. तीन दिवसांनी ब्लेझर्स मिल इथल्या चकमकीत डिक ब्रुअर गेला, तिशीही न गाठलेला. त्याला मारणारा रॉबर्ट्सही तिथेच जखमी होऊन मेला. दोघांना शेजारी शेजारी पुरलं.

फौज आली ती कशी

जुलैमध्ये मॅक्स्वीन आपल्या माणसांसह लिंकनला परतला आणि १५ तारखेपासून गावातच पाच दिवस गोळीबार चालला. पाचव्या दिवशी, १९ जुलैला, फोर्ट स्टँटनहून लेफ्टनंट कर्नल नेथन डडली फौज घेऊन आला. पस्तीसेक जवान, एक गॅटलिंग गन, एक तोफ. म्हणाला, बायकामुलांच्या रक्षणासाठी आलोय. तोफेचं तोंड मात्र मॅक्स्वीनच्या बाजूच्या माणसांकडे वळलं आणि त्यातले बरेच गाव सोडून पळाले. जस्टिसला दमात घेऊन मॅक्स्वीनविरुद्ध वॉरंट काढून घेतलं. मॅक्स्वीनची बायको सुझन कर्नलकडे विनवणी करायला गेली, तिला परत पाठवलं. दुपारी विरोधकांनी तिच्या घराला आग लावली. रात्री जळत्या घरातून बाहेर पडताना मॅक्स्वीन मारला गेला. त्यालाही टन्स्टलच्या शेजारी पुरलं.

यातली खरी मेख पुढे आहे. फौजेने मुलकी कायदा राबवण्यात पडू नये, असा 'पॉसी कोमिटाटस' नावाचा कायदा अमेरिकी काँग्रेसने १८ जून १८७८ला केला होता. म्हणजे जेमतेम एक महिन्यापूर्वी. डडली त्या कायद्याच्या नाकासमोरून गावात घुसला. पुढच्या वर्षी फोर्ट स्टँटनला त्याच्यावर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. कित्येक आठवडे चालली. तो निर्दोष सुटला.

मी नोकरीत असताना मुलकी प्रशासनाच्या मदतीला फौज काढावी लागल्याचे प्रसंग आलेत. त्या काळी फौजदारी प्रक्रिया संहितेची १३० आणि १३१ ही कलमं आम्हाला तोंडपाठ असायची. दंडाधिकाऱ्याने सांगितल्यावर बाहेर पडायचं, कमीत कमी बळ वापरायचं, काम होताच बराकीत परत. तरुणपणी हे सगळं कागदी वाटायचं. लिंकनची गोष्ट वाचली तेव्हा कळलं, गणवेशातला माणूस एका बाजूला झुकून नुसता उभा राहिला, एक गोळीही झाडली नाही, तरी माणसं मरतात.

वर्षश्राद्ध

वॉशिंग्टनने फ्रँक एंजल नावाच्या वकिलाला चौकशीला पाठवलं होतं, कारण मेलेला ब्रिटिश प्रजाजन होता आणि ब्रिटिश वकिलातीने विचारणा केली होती. गव्हर्नर ॲक्स्टेलला हटवलं. त्याच्या जागी ल्यू वॉलेस आला. 'बेन हर' कादंबरी लिहिणारा तोच. त्याने बऱ्याच जणांना माफी जाहीर केली.

सुझन मॅक्स्वीनने डडलीविरुद्ध लढायला ह्यूस्टन चॅपमन नावाचा एक हात नसलेला वकील केला. १८ फेब्रुवारी १८७९च्या रात्री डोलनची माणसं आणि बिलीची माणसं यांनी लिंकनमध्ये आपसात समेट केला. त्याच रात्री चॅपमन त्यांच्या वाटेत आला आणि डोलनच्या गटाने भर रस्त्यात त्याला गोळी घातली. तारीख बघा. टन्स्टलला जाऊन बरोबर एक वर्ष झालं होतं. समेट दोन टोळ्यांचा झाला, बळी तिसऱ्याचा गेला.

टन्स्टलच्या खुनासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. त्याची रँच आणि दुकान पुढे डोलनच्याच ताब्यात गेलं. या सगळ्या रक्तपातात एकाच माणसावर कोर्टात खुनाचा गुन्हा शाबीत झाला, बिलीवर, तोही शेरीफ ब्रेडीच्या खुनाचा. १४ जुलै १८८१ला पॅट गॅरेटच्या गोळीने तो मेला. सुझन मात्र खचली नाही. थ्री रिव्हर्स भागात तिने स्वतःची मोठी रँच उभी केली. लोक तिला 'कॅटल क्वीन' म्हणायचे. ती १९३१पर्यंत जगली.

आणि लंडनमध्ये टन्स्टलचे वडील? त्यांनी वर्षानुवर्षं अर्जविनंत्या केल्या. मुलाच्या खुनाला सरकारी अधिकारी जबाबदार आहेत, भरपाई द्या. या खात्याकडून त्या खात्याकडे कागद फिरत राहिले. अमेरिकेने एक पैसाही दिला नाही. मला वाटतं, त्यांना पैशाची गरज नसावी. कुणीतरी 'होय, आमचं चुकलं' असं लिहून द्यावं, एवढंच त्या बापाला हवं असेल.

माझी एक आठवण

शेवटी एक सांगतो आणि थांबतो. मी तेव्हा कॅप्टन होतो. डोंगराळ भागात आमची गाडी दरीत गेली आणि बावीस वर्षांचा एक जवान गेला. गाडी चालवणारा वाचला. संध्याकाळी लंगरमध्ये कुजबुज सुरू झाली, याला बघून घेऊ. मला काय करावं सुचेना. आमचे सुभेदार साहेब काही बोलले नाहीत. सकाळी शवपेटी उचलायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्या ड्रायव्हरला हाक मारली आणि पुढच्या दांडीला उभं केलं. तो रडत रडत चालला, मागचेही रडत होते. त्यानंतर कुणी त्याच्या अंगावर गेलं नाही. मग रीतसर कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली, जबाब झाले, दोष कुणाचा किती ते कागदावर आलं.

मृतदेहासोबत गावी मीच गेलो होतो. तिसऱ्या दिवशी पोस्टमन आला. हातात त्या मुलाचं आंतर्देशीय पत्र, अपघाताच्या आधी टाकलेलं. वडिलांना वाचता येत नव्हतं. म्हणाले, "साहेब, तुमीच वाचा." पाऊस कसा आहे, म्हशीला वासरू झालं का, मनीऑर्डरीतून घरावर कौलं घाला, असं सगळं होतं. वाचून संपवलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, "चौकशी होनार न्हवं?" मी म्हटलं, होणार. "मग बरं," म्हणाले, आणि पत्र घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं.

टन्स्टलच्या वडिलांना हे 'होणार' म्हणणारं कुणी भेटलं नाही, आणि बिलीला खांदा द्यायला कुणी बोलावलं नाही. लिंकन काउंटीच्या लढाईची कारणं इतिहासकार ठेक्यांत, कर्जांत आणि गुरांत शोधतात, ती बरोबरच आहेत. मी त्यात ही दोन माझ्याकडून जोडतो.

टन्स्टलचं दुकान लिंकनमध्ये आजही जपून ठेवलंय, लोक ते पाहायला जातात. तुमच्या घरी कुणाची जुनी पत्रं असतील तर तीही जपा. पुढच्या भागात भेटू.

जय हिंद.